साळुंकी आणि असेरोफॅगस : दोन मित्रांचे दोन हिशेब

कृषी विस्ताराच्या भाषेत ‘मित्र’ हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. मित्रकीटक, मित्रपक्षी, मित्रबुरशी हे शब्द प्रशिक्षणाच्या फलकावर एका ओळीत लिहिले जातात. त्यातून ऐकणाऱ्याची अशी समजूत होते की, किडीला खाणारा प्रत्येक जीव शेतकऱ्याला सारखीच मदत करतो. फरक असलाच तर तो आकाराचा. ही समजूत वरवर निरुपद्रवी वाटते. परंतु तिच्याच पोटी एके काळी भारतातील एक ओळखीचा पक्षी साता समुद्रापार नेऊन सोडला गेला आणि त्याची किंमत अनेक बेटे आजही मोजत आहेत. आजच्या पीक संरक्षणाच्या सल्ल्यातही ती ठिकठिकाणी आढळते. म्हणून एका पक्ष्याला आणि एका परोपजीवी गांधीलमाशीला शेजारी शेजारी ठेवून पाहणे उपयोगाचे ठरेल. पक्षी म्हणजे घरोघरी परिचित असलेली साळुंकी आणि गांधीलमाशी म्हणजे पपईवरील पिठ्या ढेकणाचा नाश करणारा ‘असेरोफॅगस पपयी’ हा कीटक.

एक गेली, एक आला

साळुंकीचे शास्त्रीय नाव ‘अ‍ॅक्रिडोथेरिस ट्रिस्टिस’ असे आहे. यातील पहिल्या शब्दाचा अर्थ होतो टोळांची शिकार करणारा. नाव अन्वर्थक आहे. नांगरामागे चालणाऱ्या, गुरांच्या पायाजवळून उडणारे नाकतोडे टिपणाऱ्या साळुंक्या भारतात कोठेही दिसतात. हिंदी महासागरातील मॉरिशस बेटावर तांबड्या टोळाने उच्छाद मांडला, तेव्हा तेथील फ्रेंच प्रशासनाला भारतातील या पक्ष्याची आठवण झाली. सन १७६२ मध्ये साळुंक्या तेथे नेण्यात आल्या. एका देशातील नैसर्गिक शत्रू दुसऱ्या देशात मुद्दाम नेऊन कीड आटोक्यात आणण्याचा जगातील सर्वांत जुन्या नोंदींपैकी हा एक प्रयत्न. जैविक नियंत्रणाच्या पाठ्यपुस्तकांत तो यशस्वी प्रयत्न म्हणून नोंदला गेला आहे.

या यशाने अनुकरणाला वाट मोकळी करून दिली. हवाई बेटांवर लष्करी अळीच्या बंदोबस्तासाठी १८६५ मध्ये साळुंकी नेण्यात आली. ऑस्ट्रेलियात ती १८६० च्या दशकात मेलबर्नच्या भाजीमळ्यांत पोहोचली आणि १८८३ मध्ये तेथून उत्तर क्वीन्सलँडच्या ऊसपट्ट्यात टोळ व उसावरील भुंगेरे खाण्यासाठी नेली गेली. ऊस उत्पादकांचे समाधान काही झाले नाही. भुंगेऱ्यांचा प्रश्न तसाच राहिला आणि १९३५ मध्ये त्याच किडीसाठी हवाईमधून ‘केन टोड’ नावाचा भलामोठा भेक आणला गेला. त्या भेकाने भुंगेरे फारसे खाल्ले नाहीत. इतर प्राण्यांचे मात्र अपरिमित नुकसान केले. पक्ष्याच्या बाबतीत झालेली चूक नीट तपासली असती, तर भेकाच्या बाबतीतली टळली असती.

असेरोफॅगसचा प्रवास उलट दिशेने झाला. पपईवरील पिठ्या ढेकूण, म्हणजेच ‘पॅराकोकस मार्जिनेटस’, ही मूळची मेक्सिको व मध्य अमेरिकेतील कीड. भारतात तिची नोंद २००८ मध्ये तमिळनाडूतील कोइमतूर येथे झाली. पुढील दोन वर्षांत ती पपई, तुती आणि टॅपिओका या पिकांवर तमिळनाडूभर पसरली, शेजारच्या राज्यांत गेली आणि महाराष्ट्रातील पपईबागांतही दिसू लागली. तुतीची पाने गेली म्हणजे रेशीम उत्पादकाचे उत्पन्न गेले. अंगावरील मेणचट पांढऱ्या आवरणामुळे फवारणीचे औषध किडीपर्यंत नीट पोहोचत नव्हते. फवारण्या वाढल्या, खर्च वाढला आणि शेतात आधीपासून असलेले भक्षक कीटक मात्र मरू लागले.

किडीच्या मूळ प्रदेशात तिच्यावर जगणारे परोपजीवी कीटक अमेरिकेच्या कृषी विभागाने आधीच शोधून काढले होते आणि प्वेर्तो रिको येथील केंद्रात त्यांची पैदास होत होती. त्यांपैकी ३ प्रजाती २०१० मध्ये भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या बंगळूर येथील ब्युरोने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोने, भारतात आणल्या. विलगीकरण कक्षात तपासणी झाली, परवानगी मिळाली आणि त्याच वर्षी त्या शेतात सोडण्यास सुरुवात झाली. तिघांपैकी असेरोफॅगस पपयी सर्वांत प्रभावी ठरला. काही महिन्यांतच बागांमधील पिठ्या ढेकणांची संख्या झपाट्याने उतरली. या कार्यक्रमाच्या प्रकाशित आर्थिक मूल्यमापनात पहिल्या पाच वर्षांचा लाभ ५० कोटी डॉलरपेक्षा अधिक आखला गेला आहे. आज ही कीड भारतातून नाहीशी झालेली नाही. परंतु तिची ती दहशतही उरलेली नाही.

पक्षी आणि कीटक दोघेही माणसाने समुद्र ओलांडून नेले. दोघांनीही नेमून दिलेली कीड खाल्ली. तरीही आज साळुंकीचे नाव आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाशी संबंधित तज्ज्ञगटाने तयार केलेल्या जगातील १०० अत्यंत उपद्रवी परकीय आक्रमक प्रजातींच्या यादीत आहे आणि असेरोफॅगसचे नाव मात्र जैविक नियंत्रणाचे आदर्श उदाहरण म्हणून घेतले जाते. हा फरक कशामुळे पडला?

भुकेची व्याप्ती

साळुंकी काय खाते, या प्रश्नाचे उत्तर देण्यापेक्षा ती काय खात नाही हे सांगणे सोपे. नाकतोडे, अळ्या, हुमणी, गांडुळे, धान्याचे दाणे, अंजीर, द्राक्षे, उंबराची आणि वडाची फळे, फुलांतील मध, पालीची पिल्ले, दुसऱ्या पक्ष्यांची अंडी, घरामागे टाकलेले खरकटे यांपैकी काहीही तिला चालते. टोळ मिळाले तर ती टोळ खाईल. टोळ कमी झाले तर टोळ शोधत उपाशी फिरणार नाही. शेजारच्या फळबागेत जाईल. नाशिक वा सांगलीच्या द्राक्षबागायतदाराला हे कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. घड पिकू लागले की पक्ष्यांपासून बाग वाचवण्यासाठी जाळी लावण्याचा खर्च तो दरवर्षी करतो.

हवाईमध्ये या सर्वभक्षकपणाचे एक अनपेक्षित फळ दिसले. तेथे शोभेचे झुडूप म्हणून घाणेरी आणलेली होती. साळुंक्यांनी घाणेरीची फळे खाल्ली आणि विष्ठेतून तिच्या बिया कुरणांत पसरवल्या. घाणेरी इतकी माजली की, तिच्या नियंत्रणासाठी १९०२ मध्ये मेक्सिकोतून घाणेरी खाणारे कीटक आणावे लागले. एका किडीवरचा उपाय दुसऱ्या तणाचा वाहक झाला. यात पक्ष्याचा काही दोष नव्हता. त्याने आपल्या स्वभावाप्रमाणेच वर्तन केले. तो स्वभाव आधी विचारात घेतला गेला नाही, एवढेच.

असेरोफॅगसची भूक अतिशय अरुंद आहे. एक मिलिमीटरपेक्षाही लहान असलेली त्याची मादी पिठ्या ढेकणाच्या पिल्लाच्या शरीरात अंडे घालते. दुसऱ्या अवस्थेतील पिल्ले तिला विशेष पसंत पडतात. अंड्यातून निघालेली अळी ढेकणाला आतून खाते. ढेकणाचे शरीर फुगून पिवळसर तपकिरी, कडक होते. या अवस्थेला ‘ममी’ म्हणतात. काही दिवसांनी त्या कवचाला गोल छिद्र पाडून नवा प्रौढ कीटक बाहेर पडतो. हे सारे पपईवरील पिठ्या ढेकणाच्या शरीरात घडते. पपईचे फळ, तुतीचे पान, रेशीमकिडा, मधमाशी, माणूस यांच्याशी त्याला काही कर्तव्य नाही. डंख मारण्याचीही भीती नाही.

म्हणून कोणत्याही नैसर्गिक शत्रूबद्दल विचारायचा पहिला प्रश्न ‘तो ही कीड खातो का’ हा असून चालत नाही. ‘तो आणखी काय काय खातो’ हा पहिला प्रश्न असला पाहिजे. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांतील माणसांनी पहिला प्रश्न विचारला आणि दुसरा विचारलाच नाही. आज परदेशातून सजीव नियंत्रक आणायचा झाल्यास वनस्पती विलगीकरण आदेश, २००३ नुसार आयात परवाना घ्यावा लागतो आणि विलगीकरणात चाचण्या कराव्या लागतात. ही प्रक्रिया वेळखाऊ आहे, अशी तक्रार अधूनमधून ऐकू येते. किडीने शेत खाऊन टाकत असताना महिने मोजणे जड जाते, हे खरेच. तथापि तो वेळ म्हणजे दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळवण्याचा वेळ असतो. साळुंकीचा इतिहास पाहता तो वाया गेला असे म्हणता येणार नाही.

संख्येचे गणित

दुसरा फरक वाढीच्या वेगाचा. साळुंकीची मादी एका वेळी ४ ते ६ अंडी घालते. ती सुमारे १७-१८ दिवस उबवावी लागतात आणि पिल्ले घरट्यातून बाहेर पडायला आणखी तीन आठवड्यांहून अधिक काळ लागतो. वर्षातून दोन-तीन विणी झाल्या तरी शेतात अळी वाढली म्हणून त्याच हंगामात साळुंक्यांची संख्या त्या प्रमाणात वाढत नाही. आसपासच्या साळुंक्या त्या शेतात गोळा होतात, पोटभर खातात आणि त्यांचे पोट भरल्यावर उरलेली अळी उरतेच. कीड थोडी असताना पक्षी पुष्कळ काम करू शकतात. कीड अनावर झाल्यावर त्यांचे काम तोकडे पडते.

असेरोफॅगसची एक पिढी साधारण दोन ते तीन आठवड्यांत पूर्ण होते. ढेकूण वाढले की मादीला अंडी घालायला अधिक पिल्ले मिळतात, पुढील पिढीत अधिक मादी निघतात आणि त्या पुन्हा अधिक ढेकूण शोधतात. ढेकूण कमी झाले की या कीटकाची संख्याही उतरते. पण तो संपत नाही. कोठे जास्वंदीवर, कोठे गाजरगवतावर उरलेल्या थोड्या ढेकणांवर तो तग धरतो आणि ढेकणांनी पुन्हा डोके वर काढताच कामाला लागतो. शिकार आणि शिकारी दोघेही कमी संख्येने एकमेकांना धरून राहतात. पपईवरील पिठ्या ढेकणाच्या बाबतीत घडले ते हेच. यात शेतकऱ्याला दरवर्षी काही विकत घ्यावे लागत नाही. कीटकनाशकाच्या बेसुमार फवारणीने ही साखळी तोडायची नाही, एवढे एकच पथ्य त्याला पाळावे लागते.

येथे ट्रायकोकार्डाची आठवण होणे साहजिक आहे. उसावरील खोडकिडीसाठी वापरला जाणारा ट्रायकोग्रामा चिलोनिस हाही परोपजीवी गांधीलमाशीचाच प्रकार. परंतु तो अनेक पतंगवर्गीय किडींच्या अंड्यांवर वाढतो आणि हंगामात पुन्हा पुन्हा सोडावा लागतो. असेरोफॅगस एकदा स्थिरावला की स्वतःचा सांभाळ स्वतः करतो. दोन्ही कीटक एकाच गटातील असूनही त्यांच्या वापराची रीत निराळी आहे. ‘मित्रकीटक सोडा’ एवढ्या सल्ल्यात हा भेद बुडून जातो आणि मग पपई उत्पादक दरवर्षी कार्डाची वाट पाहतो, तर ऊस उत्पादक एकदाच कार्ड बांधून निश्चिंत होतो. दोघांचीही निराशा ठरलेली.

मग साळुंकी निरुपयोगी काय?

येथवरचे विवेचन वाचून पक्ष्यांची बाजू हरली असे कोणी मानील, तर तो निष्कर्ष घाईचा ठरेल. मॉरिशसमधील साळुंकी आणि मराठवाड्यातील साळुंकी हा एकच पक्षी असला तरी त्यांची स्थिती एक नाही. मॉरिशसमध्ये ती उपरी होती. येथे ती घरची आहे. तिची अंडी खाणारे, तिच्याशी ढोलीसाठी भांडणारे, तिचे अन्न वाटून घेणारे जीव येथे हजारो वर्षांपासून तिच्यासोबत आहेत. तिच्या सर्वभक्षकपणाला येथे मर्यादा आहे. त्यामुळे जो गुण परक्या भूमीत दोष ठरला, तोच मूळ भूमीत उपयोगी पडू शकतो.

सर्वभक्षक पक्ष्याचा मोठा उपयोग नव्या किडीच्या वेळी होतो. मक्यावरील अमेरिकन लष्करी अळी भारतात प्रथम २०१८ मध्ये कर्नाटकात आढळली. अशी अनोळखी कीड आली म्हणजे तिच्यासाठी नेमका परोपजीवी शोधणे, तपासणे, वाढवणे यात वेळ जातो. पक्ष्याला मात्र ओळखपरेड लागत नाही. हिरवी अळी दिसली की तो ती उचलतो. म्हणूनच या किडीच्या एकात्मिक व्यवस्थापनात पिकाच्या पहिल्या ३० दिवसांपर्यंत एकरी १० पक्षीथांबे लावण्याची शिफारस समाविष्ट झाली. त्यातील दिवसांची मर्यादाही लक्षात घेण्याजोगी आहे. दाणे भरू लागल्यावर तोच थांबा दाणे टिपणाऱ्या पक्ष्यांची बैठक होऊ शकतो. सर्वभक्षकाला बोलावताना त्याला निरोप कधी द्यायचा हेही आधीच ठरवावे लागते.

पक्षी आणि गांधीलमाशी एकमेकांच्या जागा घेत नाहीत. पुष्कळदा ते एकाच किडीच्या वेगवेगळ्या वयावर काम करतात. हरभऱ्यावरील घाटेअळीचे उदाहरण घ्यावे. ट्रायकोग्रामा अंड्यांवर काम करतो. कॅम्पोलेटिस क्लोरिडी नावाची दुसरी परोपजीवी गांधीलमाशी लहान अळ्यांमध्ये अंडी घालते. या दोन्हींच्या तावडीतून सुटून वाढलेली मोठी अळी कोतवाल, साळुंकी आणि गायबगळे टिपतात. मोठी अळी हीच घाट्यांचे सर्वाधिक नुकसान करते आणि कीटकनाशकालाही सहज दाद देत नाही. घाटेअळीच्या विषाणूने रोगग्रस्त झालेल्या अळ्या पक्ष्यांनी खाल्ल्या, तर विष्ठेवाटे तो विषाणू दुसरीकडेही पसरतो. अर्थात पक्षी निवड करीत नाही. परोपजीवीने आधीच गाठलेली अळीही तो खातो, कोतवाल मधमाशी आणि चतुरही पकडतो. तरीही एकूण ताळेबंद शेतकऱ्याच्या बाजूने राहतो, कारण हे काम करायला पक्षी कोठून आणावे लागत नाहीत आणि त्यांना वेतनही द्यावे लागत नाही.

अरुंद भूक हीही आपोआप मिळणारी हमी नव्हे

परोपजीवी म्हटले की निर्धोक, अशी दुसऱ्या टोकाची समजूतही टाळली पाहिजे. उत्तर अमेरिकेत स्पंजी पतंगाच्या नियंत्रणासाठी १९०६ मध्ये युरोपातून ‘कॉम्प्सिल्युरा कॉन्सिनाटा’ नावाची परोपजीवी माशी आणली गेली. ती गांधीलमाशी नव्हती. पण तिची रीत तीच, दुसऱ्या कीटकाच्या शरीरात पिल्ले वाढवण्याची. पुढे आढळले की ती १८० हून अधिक प्रजातींच्या अळ्यांवर जगते. तेथील सुंदर रेशमी पतंगांच्या काही जाती तिच्यामुळे दुर्मीळ झाल्याचे मानले जाते. ती आकाराने लहान, परोपजीवी आणि कीटकच. तरी तिने साळुंकीचीच चूक पुन्हा करून दाखवली.

याचा अर्थ सुरक्षिततेचे मोजमाप जीवाच्या वर्गावरून करता येत नाही. पक्षी म्हणजे धोका आणि गांधीलमाशी म्हणजे सुरक्षा, असे समीकरण मांडले तर तेही फसवेच ठरेल. त्या विशिष्ट प्रजातीची भूक किती रुंद आहे, ती ज्या भूमीत सोडायची तेथे तिला आवर घालणारे कोण आहे आणि एकदा सोडल्यावर ती परत घेता येते का, या तीन प्रश्नांवर निर्णय झाला पाहिजे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर जवळजवळ नेहमीच ‘नाही’ असे असते. फवारणी चुकली तर पुढच्या वेळी थांबवता येते. सोडलेला सजीव थांबवता येत नाही. साळुंकी हवाईतून परत बोलावता आली नाही.

बांधावरचा सल्ला

या भेदाचा उपयोग विस्तार कार्यकर्त्याने रोजच्या कामात कसा करावा?

पहिली गोष्ट फवारणीच्या निर्णयाची. परोपजीवी गांधीलमाशी आकाराने एवढी लहान असते की, फवाऱ्याचा हलका तुषारही तिला मारतो. पपईच्या पानावर पांढरा थर दिसताच फवारणीचा सल्ला देण्याआधी भिंगातून ममी शोधल्या पाहिजेत. फुगलेली, तपकिरी, छिद्र पडलेली शरीरे दिसत असतील तर नियंत्रण सुरू झालेले आहे आणि अशा वेळी व्यापक परिणामाचे कीटकनाशक फवारणे म्हणजे आपल्याच पाहारेकऱ्याला घालवून देणे. किडीच्या चिकट स्रावासाठी ढेकणांची राखण करणाऱ्या मुंग्या मात्र आवरल्या पाहिजेत, कारण त्या परोपजीवींना जवळ येऊ देत नाहीत. ग्रस्त पाने तोडलीच तर ती लगेच जाळू नयेत. बारीक जाळीच्या पेटीत काही दिवस ठेवल्यास ममींतून निघालेले कीटक बाहेर पडून पुन्हा बागेत जाऊ शकतात आणि ढेकूण आतच राहतात. त्यासाठी जाळीची छिद्रे मिलिमीटरभराच्या कीटकाला बाहेर पडू देतील, पण वाढलेल्या ढेकणाला अडवतील एवढीच असावीत आणि पेटी पिकापासून थोडी दूर ठेवावी.

दुसरी गोष्ट पक्ष्यांची. पक्ष्यांसाठी काही सोडावे लागत नाही. त्यांना बसायला, पाणी प्यायला आणि घरटे करायला जागा ठेवावी लागते. बांधावरचे बाभूळ, कडुनिंब, उंबर तोडून मग शेतात टी-आकाराचे थांबे रोवणे हा उलटा व्यवहार झाला. हरभऱ्यात ज्वारीची विरळ ताटे हे सजीव थांबे म्हणून उपयोगी पडतात. नांगरट दिवसा केली तर उघड्या पडलेल्या हुमणी व कोष साळुंक्या आणि बगळे वेचतात. रात्री ट्रॅक्टर चालवला तर ही फुकटची मजुरी बुडते. दाणेदार कीटकनाशके मातीवर उघडी राहिली तर पक्षी ती दाणे समजून टिपतात आणि मरतात, म्हणून ती मातीआड करणे हा पक्षी संरक्षणाचाही भाग आहे. फळबागेजवळ, मधपेट्यांजवळ आणि दाणे भरलेल्या ज्वारी-बाजरीत मात्र थांबे नकोत. तेथे सर्वभक्षकाला आमंत्रण देणे महागात पडते.

तिसरी गोष्ट नोंदीची, आणि बहुधा तीच सर्वांत दुर्लक्षित आहे. जैविक नियंत्रणाच्या अहवालांत किती कार्डे वाटली, किती थांबे लावले, हे आकडे भरपूर असतात. त्यांनी कीड किती कमी झाली, हा आकडा विरळा. परोपजीवींच्या बाबतीत तो मिळवणे कठीण नाही. १०० ढेकूण वा १०० अंडी तपासून त्यांपैकी किती ग्रस्त आहेत हे मोजले की परोपजीवीकरणाचे प्रमाण हाती येते. पक्ष्यांच्या बाबतीत ममी मागे राहत नाही, म्हणून तेथे तुलना करावी लागते. शेतातील काही रोपांवर पक्षी आत येणार नाहीत पण कीटक येऊ शकतील अशी जाळी घालावी आणि दहा-पंधरा दिवसांनी जाळीतील व जाळीबाहेरील अळ्या मोजाव्यात. जो फरक येईल तो पक्ष्यांच्या कामाचा अंदाज. दोन काठ्या आणि जुनी जाळी एवढ्या साहित्यात प्रगतिशील शेतकरी हा प्रयोग स्वतः करू शकतो. अशा दहा गावांच्या नोंदी एकत्र आल्या तर पक्षीथांब्यांची शिफारस त्या भागासाठी अधिक नेमकी करता येईल.

हिशेब वेगळा ठेवावा

साळुंकी आणि असेरोफॅगस यांत श्रेष्ठ कोण, हा प्रश्न मुळातच चुकीचा आहे. साळुंकी गावकीसारखी आहे. ती सगळ्यांच्या कामात थोडीथोडी असते, अडीअडचणीला धावते, पंगतीलाही बसते. असेरोफॅगस एकाच कामाचा कारागीर आहे. ते काम संपले की तो दिसेनासा होतो. गावकीला कारागिराचे काम सांगून कोणी घर बांधत नाही आणि कारागिरावर गावाचा कारभारही सोपवत नाही.

परदेशातून नियंत्रक आणताना अरुंद भुकेचाच आग्रह धरावा, तपासणीत तडजोड करू नये आणि घाईच्या मागणीपुढे झुकू नये. देशातील, आपल्या परिसरातील सर्वभक्षक मात्र जपावेत, कारण उद्या येणाऱ्या किडीचे नाव आज कोणालाच ठाऊक नाही. आणि ‘मित्र’ हा शब्द वापरताना तो कोणाचा, कोणत्या पिकात, किती दिवसांचा, हे दर वेळी शेतकऱ्याला सांगावे. एवढी स्पष्टता सल्ल्यात आली, तर पपई उत्पादक फवारणीचा पंप उचलण्याआधी खिशातले भिंग काढील आणि मका उत्पादक कणीस भरण्यापूर्वी थांबे उपटून ठेवील. या दोन साध्या कृतींत जैविक नियंत्रणाचे पुष्कळसे शास्त्र सामावलेले आहे.